कोकिळाअक्काचं पांढरं बी

भडगाव सोडून गिरणेच्या काठाकाठानं गेलं की कोकिळाअक्काचं गाव लागतं आणि गावात शिरण्याआधीच तिचं वावर. ते ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही. बाकीच्यांचे बांध नुकतीच हजामत केल्यासारखे साफ. हिच्या बांधावर बोरी, करंज, तरवड, मध्येच मोहरीची ओळ, कुठं फुलावर सोडून दिलेली कोथिंबीर. विहिरीजवळ एक पसरट घमेलं, त्यात पाणी, पाण्यात नारळाच्या शेंड्या. माश्यांनी शेंडीवर बसून प्यावं, बुडून मरू नये म्हणून. गावातली माणसं म्हणायची, अक्का माणसाला चहा विचारणार नाही, पण माशीला पाणी ठेवील. हे साफ खोटं होतं. चहा ती विचारायचीच. फक्त साखर तिच्या अंदाजानं पडायची आणि तिचा अंदाज जरा चिक्कू होता.

अक्का कांद्याचं बी पिकवायची. ज्यांची कांद्याशी ओळख ताटापुरतीच आहे त्यांना थोडं सांगावं लागेल. दिवाळीच्या आसपास निवडून ठेवलेले कांदे पुन्हा मातीत लावायचे; त्या पिकाला इकडं डोंगळा म्हणतात. माघ लागला की त्याला पोकळ दांडे येतात आणि दांड्यांच्या टोकाला पांढरे गोंडे. त्या गोंड्यांत बी धरतं ते माशीच्या पायानं. एका वर्षी कुणीतरी मधाच्या आशेनं नाल्याकाठच्या उंबरावरचं आग्या मोहोळ पेटवून दिलं होतं. तेव्हा अक्का रोज सकाळी मऊ फडकं घेऊन गोंड्यागोंड्यावरून हात फिरवत हिंडली. लहान बाळाचं तोंड पुसावं इतक्या मायेनं हिंडली, पण उपयोग शून्य. पाखडायला घेतलं तर निम्मं बी पोकळ, भुशाबरोबर उडून गेलं. त्या वर्षापासून तिनं माश्यांपुढं हात टेकले आणि घमेलं ठेवलं.

तिचा कांदा पांढरा. सासूनं दिलेलं बी, सासूला तिच्या सासूनं, तिलाही तिच्या सासूनं. कांद्याच्या बियाचा स्वभाव असा की एक पावसाळा धीर धरतं, दुसऱ्या पावसाळ्यात निम्मं मरून जातं. कोठीत ठेवून दिलं, दहा वर्षांनी काढलं, असं चालत नाही. दरवर्षी लावायचं, दरवर्षी नवं काढायचं. एक वर्ष बिघडलं तर चार पिढ्यांचं बी संपलं. नवरा, अभिमन, वारला त्या वर्षीसुद्धा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का डोंगळ्याला पाणी भरायला गेली होती. बायकांनी नावं ठेवली. तिनं ऐकून घेतली आणि पाणी भरत राहिली.

या बियाला पिशवी नव्हती, छाप नव्हता, पावती नव्हती. जामनेरपर्यंतची माणसं येऊन घेऊन जायची ती एका बोलीवर की अक्काच्या बियाचा कांदा पांढराच निघतो. कांदा वाळवणारे कारखाने पांढराच घेतात; त्यात लाल निघाला तर गाडी परत. म्हणजे बघा, अक्काच्या शब्दावर माणसं अख्खं वावर लावत होती.

आता माशीला काही बांध कळत नाही. ती पांढऱ्यावरून उठते, लालावर बसते, लालाच्या फुलाची धूळ पायाला घेऊन परत पांढऱ्यावर येते. लालाची धूळ लागलेलं पांढऱ्याचं बी दिसायला तसंच काळं, तसंच टपोरं. पुढच्या वर्षी कांदा मात्र रंगलेला निघतो. म्हणून या गावात जुनी रीत होती: दिवाळीआधी बी पिकवणाऱ्यांनी पारावर बसायचं आणि कोण कुठं कोणता डोंगळा लावणार हे बोलून ठरवायचं. अक्काच्या बाजूच्या शिवारात रंगाचा डोंगळा लावायचा नाही, हे कित्येक वर्षं ठरलेलं होतं. हळूहळू बी पिकवणारेच कमी झाले, पार ओस पडला. उरली अक्का आणि नाल्यापलीकडचा तिचा दीर, प्रेमराज.

प्रेमराज माणूस गोड. इतका गोड की त्याच्याशी बोलून उठलं की खिसे चाचपावेत. वाटणीत उंबर आणि नाल्याकडची जमीन त्याला गेली होती. मोहोळ त्याच्या झाडावर आणि माश्या हिच्या डोंगळ्यावर, असा तो संसार. तीन वर्षांपूर्वी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, घरात कुळाची देवी कानबाई बसली होती. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त कुळातल्या माणसांनी खायच्या असतात, बाहेरच्याला कणही द्यायचा नसतो. म्हणून वाटणी झाली तरी रोटाला दोन्ही घरं एकत्र. त्या पंगतीत अक्कानं विषय काढला. पार आता कुणी भरवत नाही, तर इथंच बोलून टाकू, म्हणाली.

प्रेमराजनं हातातला रोटाचा तुकडा कपाळाला लावला. “वहिनी, नालाना अल्याड असो का पल्याड, मना वावरमा रंगना डोंगळा लागाव नही. कानबाईना रोट हातमा शे. खोटं बोलाऊ नही.”

मग मान डोलावत त्यानं तो तुकडा खाल्ला. अक्काच्या दृष्टीनं विषय संपला. सरकारी मुद्रांकावर लिहून दिलेलं माणसं फिरवतात हे तिला माहीत होतं. रोट खाऊन बोललेलं कुणी फिरवलेलं तिनं पाहिलं नव्हतं. चूक म्हणाल तर ही एवढीच. त्यानंतर ती नाल्यापलीकडं बघायलाही गेली नाही. प्रेमराजनं नाल्याच्या कडेनं मक्याची दाट भिंत उभी केली तेव्हा तिला वाटलं, ढोरांच्या वैरणीसाठी केली असेल. तिनं कौतुकसुद्धा केलं मक्याचं.

यंदाच्या फाल्गुनात पहिली खूण तिच्याच वावरात दिसली. गेल्या वर्षीच्या बियाचा कांदा फुगत आला होता. भाकरीबरोबर खायला म्हणून तिनं एक उपटला, माती झटकली, तर तो गुलाबी. पदरानं पुसून पाहिला. पुन्हा पुसला. दुसरा उपटला, पांढरा. तिसरा पांढरा. चौथा चक्क लाल. अक्का तिथंच सरीत बसली. भाकरी तशीच फडक्यात राहिली.

दोन-चार दिवसांत सुपडूभाऊ आला. जामनेरकडचा हा शेतकरी वर्षानुवर्षं तिच्याकडून बी नेणारा; येताना कधी केळीची फणी, कधी भरताची वांगी आणणारा. या वेळी मोटरसायकलला गोणी बांधून आला आणि गोणी ओट्यावर उपडी केली. पांढरे, गुलाबी, लाल कांदे घरंगळत अंगणात गेले. ओट्यावर अक्काचा मुलगा कुंदन बसला होता. एका बियाणे कंपनीत तो नोकरीला लागला होता. कंपनीसाठी शेतकऱ्यांकडून बी पिकवून घ्यायचं, त्यावर देखरेख करायची, असं काम. अक्काला त्याचा अभिमान होता. बियाच्या घरातलं पोरगं बियाच्याच कामाला लागलं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

“अक्का, हे तुमच्याच बियाचे कांदे हायेत,” सुपडूभाऊ म्हणाला. “दुसऱ्याचं बी मी वावरात पडू देलं नाही. कारखान्यानं गाडी दारातूनच वापस पाठवली. मले एवढंच सांगा, तुम्ही मिसळलं का तुमच्याकून मिसळलं गेलं?”

तो ओरडला असता तर अक्काला बरं वाटलं असतं. तो हळूच बोलला, आणि ओट्यावर चढला नाही.

तिनं कुंदनकडं पाहिलं. शिकलेला होता, बियाचं शास्त्र त्याला ठाऊक होतं. तो काहीतरी कारण सांगेल, असं तिला वाटलं. त्यानं सांगितलंही.

“माय, बी पाखडताना मिसयी गयं व्हई. तुनं बी वय व्हयनं आते.”

आणि अक्कानं ते खरं मानलं. पोटच्या पोरानं सांगितलेलं कोण तपासून घेतं? तिनं सुपडूभाऊपुढं हात जोडले. “मनाच हातथून चूक व्हयनी व्हई, भाऊ. माफ करा.” सुपडूभाऊनं मान हलवली, कांदे तसेच टाकून गाडीला किक मारली. कुंदन खाली उतरून कांदे गोळा करू लागला. केवढा गुणी मुलगा.

पुढचे कित्येक दिवस अक्कानं स्वतःला पिळून काढलं. सूप कुणाचं वापरलं होतं? गोण्या नव्या होत्या की जुन्या? खळं सारवलं होतं का? रात्री झोपेतून उठून ती कोठीतली मडकी हुंगून पाहायची. लोकांना तर आयतंच मिळालं. भडगावच्या बाजारात एकजण तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला की अक्काचं बी फिरलं. चाळीस वर्षं जे नाव तिनं एका मुठीत सांभाळलं, ते बाजारात भाजीच्या देठासारखं पायाखाली आलं. आणि दोष तिचाच, असं तिला स्वतःलाच वाटत होतं. माणसाला याहून एकटं करता येत नाही.

खरं काय ते तिला माश्यांनी दाखवलं. यंदाचा डोंगळा फुलावर होता. अक्का बांधावर बसून नुसती बघत होती. उंबर पूर्वेला. माश्या उंबरावरून यायच्या, गोंड्यांवर लोळायच्या, आणि पोट भरलं की उंबराकडं परत जायच्या, हा त्यांचा रिवाज. पण त्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की काही माश्या परतताना थेट घरी जात नाहीत, नाल्यावरून उत्तरेला, मक्याकडं वळताहेत. आणि तिकडूनही येताहेत, पायांना धूळ घेऊन. मक्यात काय ठेवलंय यांचं? मक्याचे तुरे तर कधीच वाळले होते.

गुडघे धरत अक्का नाला उतरली, पलीकडं चढली आणि मक्यात शिरली. पात्यांनी हात खरचटले. मक्याच्या चार-पाच ओळी ओलांडल्यावर तिला तो ओळखीचा घोंगाट ऐकू आला. मक्याच्या पलीकडच्या कडेला आली आणि थांबली. समोर डोंगळा. एकरभर, गच्च फुललेला. फुलं तिच्या डोंगळ्यासारखीच पांढरी, पण दांड्याच्या बुडाशी उघडा पडलेला कांदा लालभडक. त्यावर तिच्याच माश्या.

बांधावर प्रेमराज, कुंदन आणि कंपनीचा एक साहेब उभे होते. साहेबाचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

“कुंदन, आजूबाजूला दुसरा डोंगळा नाही ना? पांढरा वगैरे? जवळपास काही असलं तर आपला प्लॉट नापास होईल.”

“नाही साहेब,” कुंदन म्हणाला. “मी स्वतः फिरून बघितलंय. गेल्या वर्षीही बघितलं होतं, याही वर्षी.”

प्रेमराजनं मान डोलावली. तशीच, रोट खाताना डोलावली होती तशी.

अक्का मक्यात उभी राहिली. तिला पहिल्यांदा राग आला नाही, लाज वाटली. कुणाची, ते तिलाही सांगता आलं नसतं. साहेबाची गाडी धूळ उडवत गेली, मग ती बाहेर आली. कुंदनचं तोंड तिला पाहून उतरलं.

“तू बठ्ठं शिवार फिरीसन देखं ना रे?” ती म्हणाली. “मंग मनं वावर तुले कसं दिसनं नही?”

“माय, नौकरी टिकाडानी व्हती. पहिला प्लॉट कोनाकडे मांगू? काका तयार व्हयना.” तो जमिनीकडं बघत होता. “माले वाटनं, एकच एकर शे. आडे मका शे. इतलं काय व्हनार?”

“आनि सुपडूभाऊ उना व्हता तव्हय? वट्टावरच बठेल व्हता ना तू.”

बियाचं शास्त्र शिकलेल्या पोराला मक्याच्या भिंतीनं माशी अडत नाही हे ठाऊक नसावं, यावर कोण विश्वास ठेवील? त्याला गेल्या वर्षीच ठाऊक होतं. आई मडकी हुंगत होती तेव्हाही ठाऊक होतं.

प्रेमराज मध्ये पडला, त्याच गोड आवाजात. “वहिनी, कसाले जीवले लावी लेतीस? मोहोय जायी टाकू. माशीच नही तं मिसय कशी व्हई?” मोहोळच जाळून टाकू, म्हणे. बी माशीशिवाय धरत नाही हे या गृहस्थाला आता, फुलं उतरणीला लागल्यावर, आठवायची गरज उरली नव्हती. यंदाचं त्याचं काम झालं होतं.

दिराला अक्का आजवर भाऊ म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

“माशीनी रोट खाईसन शब्द दिन्हा नव्हता, प्रेमराज. तू दिन्हा व्हता.”

परतताना ती उंबराखाली थांबली. वर फांदीला आग्या लटकलेला, काळा, हलता, सुपाएवढा. तिच्या मनात आलं नाही असं नाही. पलिता करायला कितीसा वेळ लागतो? याच्याच पायांनी माझं बी बाटलं. पण याच्याच पायांनी चार पिढ्या ते धरलंही होतं. पांढरं काय आणि लाल काय, माशीनं आपलं काम इमानानं केलं होतं. दोन्ही वावरांत मिळून तेवढी एकच जात इमानी निघाली. उंबरावर पाखरं फळं टोचत होती, टोचलेली फळं खाली पडत होती, मुंग्या त्यांना लागल्या होत्या. अक्का खूप वेळ तिथं उभी राहून रडली. मग घरी जाण्याआधी विहिरीवर जाऊन घमेल्यात पाणी भरून आली, कारण ऊन वाढलं होतं.

सुपडूभाऊला खरं सांगायला तिनं दोनदा फोन हातात घेतला. सांगायचं काय, तर माझ्या पोरानं मला फसवलं? आणि जामनेरच्या बाजारात ते वाक्य फिरू द्यायचं? शेवटी तिसऱ्या वेळी फोन लावला आणि म्हणाली, यंदा बी देणार नाही, दुसरीकडून घ्या. सुपडूभाऊ बरं म्हणाला. तेवढंच. चूक अक्काच्या नावावर राहिली ती राहिलीच, आणि कुंदननं ती तिथंच राहू दिली. यंदाचा डोंगळा तिनं फूल संपेपर्यंत माश्यांसाठी उभा ठेवला. मग बी पिकायच्या आत दांडे कापून वाळत टाकले आणि पेटवून दिले.

कांदा काढल्यावर मात्र ती एकटी निवडायला बसली. लालाची धूळ लागली की कांदा रंगतोच. म्हणजे जो पांढरा राहिला त्याला लाल शिवलेलं नाही. हे तिला सासूनं शिकवलं होतं. एकेक कांदा उन्हाकडं धरून, साल सोलून, जरा शंका आली तरी बाजूला टाकून तिनं निखळ पांढऱ्यांची एक टोपली काढली. लेक मेघा नशिराबादला दिलेली. तिला फोन करून अक्कानं जावयाची चौकशी केली, नातवाची केली आणि मग विचारलं, “तुमना शिवारमा डोंगळा कोन लावस?” कुणी नाही, मेघा म्हणाली. “मोहोय शे का पन?” मेघाला हसू आलं. आहे म्हणाली, ओढ्याकाठच्या पिंपळावर दरसाल बसतं. टोपली नशिराबादला गेली. सासूच्या बियाचा डोंगळा पहिल्यांदाच गावाबाहेर लागणार होता.

श्रावण आला. कानबाई बसायची म्हणून दोन्ही घरं सारवली गेली. रोटाचं धान्य मोजायचा मान कुळातल्या थोरल्या बाईचा, म्हणजे अक्काचाच. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ घ्यायची, नाव घेऊन सुपात टाकायची, मग ते दळून त्याचे रोट. लोकांना वाटलं होतं, अक्का यंदा येणारच नाही. ती आली. पाटावर बसली. सगळी माणसं भोवती होती.

तिनं पहिलं नाव प्रेमराजचं घेतलं आणि सव्वा मूठ सुपात टाकली. प्रेमराजच्या बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकलेला सगळ्यांना ऐकू आला. अक्कानं का टाकली? तिचं म्हणणं साधं होतं. त्यानं शब्द कानबाईपुढं दिला, मोडला तोही कानबाईचाच; त्याचं काय करायचं ते ती बघेल. मग प्रेमराजच्या दोन्ही मुलांची नावं. मग त्याच्या नातवाचं, जो अजून रांगत होता. प्रत्येक नावाला मूठ भरून, वर पाव मूठ.

मग तिनं सुपाच्या कडेचे दाणे आत सारले, सूप उचललं आणि धान्य डब्यात ओतलं.

कुंदन दारात उभा होता. लहानपणापासून स्वतःच्या नावाची मूठ पडताना बघायला तो असाच दारात उभा राहायचा. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. आई गडबडीत चुकली असणार, आता वय झालं तिचं, असं त्याला वाटलं असावं; निदान त्यानं तसा चेहरा केला.

“माय,” तो हळूच म्हणाला, “मनी मूठ ऱ्हायी गयी ना?”

दिरानं निदान शब्द दिला होता. पोराकडून तर तिनं कधी शब्दही घेतला नव्हता. पोराकडून शब्द कोण घेतं?

अक्कानं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

“मी इसरनी नही, कुंदन,” ती म्हणाली, आणि डबा गिरणीत न्यायला जावेच्या हातात दिला.